लवकर दिवस राहावेत म्हणून काय खावं? अंबाडी, जवस, सरकी आणि सेलेनियमची गोष्ट

डिसेंबर २०२४ संपत होता, तेव्हा बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातून विचित्र बातम्या यायला लागल्या. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमध्ये लोकांच्या डोक्याला खाज सुटायची आणि तीन-चार दिवसांत केस मुठीत यायचे. बाया, पुरुष, पोरं, कुणीच सुटलं नाही. जानेवारीपर्यंत १८ गावांतल्या २७९ लोकांना हा त्रास झाला.

पहिला संशय पाण्यावर गेला. साहजिकच आहे, हा सगळा खारपाणपट्टा. मग शाम्पू झाला, बुरशी झाली, आयसीएमआरची पथकं येऊन नमुने घेऊन गेली. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपला निष्कर्ष मांडला. विंचूदंशावरच्या कामामुळे जगभर ओळखले जाणारे महाडचे हे डॉक्टर म्हणाले की दोष गव्हात आहे. बाधित लोक खात असलेल्या, बाहेरून आलेल्या गव्हात सेलेनियम हे खनिज स्थानिक गव्हापेक्षा सुमारे ६०० पट जास्त सापडलं. लोकांच्या रक्तात आणि केसांतही ते बेसुमार वाढलेलं होतं. शिवाय त्यांच्या शरीरातलं झिंक कमी झालेलं होतं.

आता मूल होण्यासाठी काय खावं या लेखात केस गळण्याची गोष्ट कशाला?

कारण सोपं आहे. पुरुषांची ‘फर्टिलिटी वाढवणारी’ कोणतीही गोळी किंवा पावडर उचला आणि मागचं लेबल वाचा. बहुतेकांवर एक नाव सापडेल, ते म्हणजे सेलेनियम.

यात खोटं काही नाही. शुक्रजंतूची शेपटी नीट बनायला सेलेनियम लागतंच. पण लागतं किती? मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ४० ते ५५ मायक्रोग्रॅम. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. रोजचं प्रमाण ४०० मायक्रोग्रॅमच्या वर जात राहिलं की केस गळणं, नखं ठिसूळ होणं सुरू होऊ शकतं. म्हणजे जे चिमूटभर लागतं, तेच ओंजळभर झालं की विष. आणि हे शेगावच्या बाबतीत कुठल्या फॅक्टरीतून नाही, गव्हातून आलं. गव्हाइतकं ‘नैसर्गिक’ दुसरं काय असणार?

मोबाईलवर रोज दिसणारं ‘हे सात नैसर्गिक पदार्थ खा, दोन महिन्यांत गोड बातमी’ पाहताना ही गोष्ट डोक्यात ठेवलेली बरी.

आधी थोडा हिशोब

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार, कोणतंही गर्भनिरोधक न वापरता १२ महिने नियमित संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत तर त्याला वंध्यत्व म्हणतात. त्याच संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे जगात दर सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी याला तोंड द्यावं लागतं. म्हणजे लग्नाला चार महिने झाले आणि सासूबाईंनी डॉक्टरचं नाव काढलं, तर अजून घाई आहे. बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर मात्र सहा महिन्यांतच तपासणी करावी.

दुसरा हिशोब जास्त महत्त्वाचा. मूल न होण्याच्या साधारण निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकट्याचं, कधी दोघांचं मिळून. तरी पथ्य कुणाला? बाईला. काढा कुणाला? बाईला. उपवास, नवस, ओटीच्या कार्यक्रमात मागे बसणं, तेही तिलाच. वीर्यतपासणी ही या सगळ्यातली सगळ्यात सोपी आणि स्वस्त तपासणी आहे आणि अनेक घरांत ती सगळ्यात शेवटी होते.

तिसरा हिशोब दिवसांचा. एक शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, पुढची तयारी धरली तर जवळपास तीन महिने. बाईच्या अंडाशयातल्या बीजाच्या वाढीचा शेवटचा टप्पाही साधारण तेवढाच. त्यामुळे आज ताट बदललं तर त्याचा परिणाम, झालाच तर, तीन महिन्यांनी दिसेल. आठ दिवसांत फरक सांगणारा पदार्थ शरीराचं गणितच नाकारतोय.

मग जेवणाने काही होतं की नाही?

होतं, पण मर्यादेत. बंद झालेली गर्भनलिका कुठल्याही भाजीने उघडत नाही. आपल्याकडे नलिका बंद होण्यामागे जननेंद्रियांचा क्षयरोग हेही एक मोठं कारण आहे आणि त्याला क्षयाचीच औषधं लागतात. वीर्यात शुक्रजंतूच नसतील तर बदाम खाऊन ते येत नाहीत. जेवणाचा उपयोग होतो तो मुख्यतः तीन ठिकाणी. बीज वेळेवर बाहेर पडण्यासाठी, शुक्रजंतूंचा दर्जा सुधारण्यासाठी, आणि दिवस राहिलेच तर गर्भाची सुरुवात नीट होण्यासाठी.

या विषयावरचा सगळ्यात मोठा अभ्यास अमेरिकेतल्या नर्सेसवर झाला. साडेसतरा हजारांच्या आसपास बायका, आठ वर्षं. हार्वर्डच्या संशोधकांनी २००७ मध्ये त्याचे निकाल मांडले. ज्यांच्या जेवणात ट्रान्स फॅट जास्त होते, त्यांच्यात बीज बाहेर न पडल्यामुळे मूल न होण्याचा धोका जास्त दिसला. एकूण ऊर्जेतले फक्त २ टक्के, म्हणजे दिवसाला साधारण ४ ग्रॅम ट्रान्स फॅट वाढले की धोका ७३ टक्क्यांनी जास्त. उलट, प्रथिनांचा काही भाग मांसाऐवजी डाळी-कडधान्यांतून घेणाऱ्या बायकांत हा धोका कमी दिसला.

हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. डाळ खाल्ली म्हणून मूल झालं असं तो सिद्ध करत नाही. पण दिशा दाखवतो. आणि गंमत म्हणजे ती दिशा बुलढाण्याच्या जुन्या ताटाकडेच जाते.

पिठलं, कळणा आणि अंबाडी

ज्वारीची भाकरी, बेसनाचं पिठलं, अंबाडीची भाजी, कांदा, मिरची. शेगावला गजानन महाराजांच्या नैवेद्यात हेच असतं आणि जिल्ह्याच्या १३ तालुक्यांतल्या शेतकरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या हेच शिजत आलंय. ज्वारीसोबत उडीद दळून केलेली कळण्याची भाकरी तर एकाच घासात धान्य आणि डाळ दोन्ही देते.

पण इथे खरी गोष्ट ‘काय’ खाता यापेक्षा ‘कसं’ करता यात आहे. अंबाडीच घ्या. आंबटपणा कमी व्हावा म्हणून ती उकडतात, पाणी पिळून फेकून देतात आणि मग फोडणीला घालतात. चवीला बरोबर आहे. पण पालेभाज्यांमधलं फोलेट आणि क जीवनसत्त्व, दोन्ही पाण्यात विरघळतात. भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकलं तर जवळपास निम्मं फोलेट मोरीत जाऊ शकतं.

फोलेट का हवं? बाळाचा मेंदू आणि मणका ज्यातून बनतो ती नळी गर्भधारणेनंतर पहिल्या २८ दिवसांत मिटते. तेव्हा बऱ्याच जणींना दिवस राहिलेत हेही कळलेलं नसतं, पाळी साधारण दोन आठवडे लांबलेली असते इतकंच. म्हणजे फोलेटची तयारी आधीच झालेली हवी.

त्यामुळे अंबाडी कमी पाण्यात, झाकण ठेवून, थोडाच वेळ वाफवा. निघालेलं आंबट पाणी टाकू नका, तुरीच्या वरणात किंवा ज्वारीच्या कण्या शिजवताना घाला. चिंच-कोकम वाचेल ते वेगळंच. आणि भाजी शक्यतो लोखंडी कढईत करा. आंबट पदार्थ लोखंडातून लोह ओढून घेतो. भाजी थोडी काळसर दिसेल, चालतंय. झाली की दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर धातूची चव उतरते.

लोहाचा मुद्दा साधा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे तो वाढलाय.

भाज्या-डाळींतलं लोह शरीर तसं कंजूषपणे घेतं. सोबत क जीवनसत्त्व असलं की जास्त घेतं. म्हणून पिठल्यावर, वरणावर लिंबू पिळायचं, आणि तेही गॅसवरून उतरवल्यावर, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व जातं. थंडीत आवळा आहेच. आणि जेवण झाल्या झाल्या चहा? तिथेच सगळं मुसळ केरात. चहातले घटक लोहाला पकडून ठेवतात. जेवण आणि चहामध्ये निदान एक तास जाऊ द्या. विदर्भात हे सांगणं सोपं आहे, पाळणं अवघड.

मटकी, मूग, हरभरा रात्रभर भिजवून मोड आणले की त्यांतलं लोह आणि झिंक अडवून धरणारं फायटेट कमी होतं. जवसाची चटणी ही विदर्भाची दुसरी देणगी. जवसात ओमेगा-३ प्रकारची चरबी आहे. पण अख्खं जवस चावलं गेलं नाही तर जसंच्या तसं बाहेर पडतं. भाजून, कुटून खायचं. कुटलेलं जवस लवकर खवट होतं म्हणून आठवड्यापुरतंच करा, दिवसाला एक-दोन चमचे पुरे.

शाकाहारी, विशेषतः माळकरी घरांनी ब-१२ कडे लक्ष द्यावं. ते भाजीपाल्यात नाही. दूध, दही, ताक थोडं देतात, अंडी जास्त. रक्ततपासणीत कमी निघालं तर इंजेक्शन किंवा गोळी घ्यावी लागते, त्यात कमीपणा नाही.

उपवासाचं काय?

हा मुद्दा कुणी फार बोलत नाही. मूल व्हावं म्हणून नवस बोलला जातो आणि नवसापायी उपवास वाढतात. चतुर्थी, एकादशी, वर एक-दोन वार. उपवासाला काय, तर साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिनं नाहीत, लोह नगण्य.

शरीराला सतत कमी खाणं मिळालं की ते पहिल्यांदा जे काम थांबवतं ते बीज सोडण्याचं. पाळी पुढे जाते, कधी बंदच होते. महाराष्ट्रात दर पाचपैकी एक बाई गरजेपेक्षा कमी वजनाची आहे. तिने मूल व्हावं म्हणून उपाशी राहणं म्हणजे पेरणीच्या तोंडावर बियाणं विकणं. श्रद्धा सोडायला कुणी सांगत नाही. पण उपवासाला राजगिरा, भगर, शेंगदाण्याची आमटी, दही, पपई, पेरू चालतात. 

पपई म्हटल्यावर भुवया उंचावल्या असतील. ‘गरम पडते’. कच्च्या पपईच्या चिकाबद्दल सावध राहणं ठीक आहे, ती टाळा. पिकलेली पपई मात्र फोलेट आणि क जीवनसत्त्व दोन्ही देते.

याची दुसरी बाजूही आहे. राज्यात जादा वजनाच्या बायकाही कमी वजनाच्यांइतक्याच, किंबहुना थोड्या जास्तच आहेत. पीसीओएस असेल आणि वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के वजन उतरल्यावरही अनेकींची पाळी नियमित होते. ७० किलोच्या बाईसाठी हे साडेतीन ते सात किलो. अशा वेळी माहेरून आलेले डिंकाचे, खारकेचे, तुपातले लाडू ‘ताकदीसाठी’ रोज दोन खाणं उलटं पडतं. बाळंतपणानंतर त्यांची वेळ येते, तोवर डबा बंद.

सरकीची गोष्ट

खामगावची कापसाची बाजारपेठ जुनी. कापूस आला की सरकी आली, सरकी आली की तेल आणि ढेप. याच सरकीने १९५० च्या दशकात चीनमधल्या काही खेड्यांत एक कोडं घातलं होतं. तिथे लोकांना मुलंच होईनात. शोध घेतल्यावर कळलं की ही मंडळी कच्च्या सरकीचं तेल काढून तसंच स्वयंपाकात वापरत होती.

सरकीत गॉसिपॉल नावाचं पिवळं द्रव्य असतं, कीड लागू नये म्हणून झाडाने स्वतःसाठी बनवलेलं. ते पुरुषांत शुक्रजंतू तयार होण्याची प्रक्रियाच रोखतं. चीनने मग उलटा विचार केला. यापासून पुरुषांसाठी गर्भनिरोधक गोळी का बनवू नये? १९७० च्या दशकात ८ हजारांहून जास्त पुरुषांवर प्रयोग झाले. गोळी काम करत होती. पण काहींच्या रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत उतरलं आणि काहींची प्रजननक्षमता गोळी थांबवल्यावरही परतली नाही. १९८० च्या दशकात हे काम गुंडाळलं गेलं.

घाबरायचं कारण नाही. दुकानात मिळणाऱ्या रिफाइंड सरकी तेलातून गॉसिपॉल काढून टाकलेलं असतं. पण सध्या ‘घाण्याचं, काहीही प्रक्रिया न केलेलं’ तेल म्हणजे उत्तम, अशी लाट आहे. शेंगदाणा, तीळ, करडई, जवस घाण्यावरून आणा. कच्च्या सरकीचं तेल मात्र कुणी कितीही शुद्ध म्हणून दिलं तरी घरात आणू नका. इथे रिफाइनरीच तुमच्या बाजूची आहे.

तेलाचाच विषय निघालाय तर, पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल. २०२२ पासून खाद्यतेल आणि वनस्पती तुपात ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के केली आहे. पण तेच तेल कढईत दिवसभर उकळत राहिलं तर पुढचं कायदा पाहायला येत नाही. शेगावला गेल्यावर कचोरी खाऊ नका असं सांगणाऱ्याचं कुणी ऐकणारही नाही. ताज्या तेलातली, कधीतरी, एवढं पुरे.

बुलढाण्याच्या दुसऱ्या पिकाबद्दल, सोयाबीनबद्दल, नेमकी उलटी भीती आहे. ‘सोयाबीनने पुरुषांची ताकद जाते.’ अनेक अभ्यासांची एकत्र तपासणी केल्यावर सोयाबीनमुळे पुरुषी हार्मोन कमी होतात असं आढळलेलं नाही. फक्त कच्चं खाऊ नका. त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो नीट शिजवल्यावर किंवा भाजल्यावरच जातो. आठवड्यातून दोन-तीनदा वडीची भाजी, किंवा गव्हात मूठभर भाजलेलं सोयाबीन दळून, आरामात चालतं. जिल्ह्यात ढीगभर पिकतं आणि जवळपास सगळं तेल गिरणीत जातं.

पुरुषांच्या ताटात

स्पेनमध्ये ११९ निरोगी तरुणांवर एक प्रयोग झाला. काहींना १४ आठवडे रोज ६० ग्रॅम अक्रोड, बदाम, हेझलनट दिले. त्यांच्या शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल सुधारली. चांगली बातमी, पण हे सगळे आधीच निरोगी होते आणि त्यांना मुलं झाली का हे मोजलंच नव्हतं. अक्रोड परवडत नसेल तर कर्ज काढायची गरज नाही. शेंगदाणे, तीळ, जवस, अंडी, डाळी, हंगामी फळं यांतूनही प्रथिनं, झिंक आणि चांगली चरबी मिळते.

आणि गोळ्या? अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर मोठी चाचणी झाली, २०२० मध्ये निकाल आले. निम्म्या पुरुषांना सहा महिने झिंक आणि फोलिक अॅसिड दिलं, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. वीर्याच्या दर्जात फरक नाही, जन्मलेल्या बाळांच्या संख्येत फरक नाही. खऱ्या गोळ्यावाल्यांना पोटाच्या तक्रारी मात्र जास्त झाल्या.

पुरुषांसाठी सगळ्यात परिणामकारक ‘आहारबदल’ तोंडात काय टाकणं थांबवता हा आहे. खर्रा, गुटखा, तंबाखू, दारू. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पुडी कुठे मिळते हे सगळ्यांना माहीत आहे. तंबाखू शुक्रजंतूंची संख्या आणि आकार दोन्ही बिघडवते. रोज पुडी चघळत बायकोला शतावरी पाजण्यात काही अर्थ नाही.

गोळी कुणाला हवीच?

बाईला, फोलिक अॅसिडची. रोज ४०० मायक्रोग्रॅम, मूल होऊ द्यायचं ठरवल्यापासून गरोदरपणाच्या १२ आठवड्यांपर्यंत. कितीही अंबाडी-पालक खाल्ला तरी या काळात ती घ्यावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल, मधुमेह असेल किंवा फिटची औषधं चालू असतील तर डोस वेगळा असतो, तो डॉक्टरच ठरवतील.

‘मुलगाच होईल’ असं सांगणारी पुडी

शिवलिंगीचं बी, पुत्रजीवकाचं बी, अमुक वारी गाईच्या दुधातून. यातलं बरंच काही नुसतं मूल होण्यासाठी नाही, मुलगा होण्यासाठी विकलं जातं. बाळ मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या शुक्रजंतूतल्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरतं आणि ते बदलणारं बी जगात नाही. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८५५ मुली होत्या. जिजाऊंचं सिंदखेड राजा याच जिल्ह्यात आहे.

कायद्याचं म्हणाल, तर १९५४ च्या औषध आणि चमत्कारी उपाय कायद्यात ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे, त्या यादीत स्त्रीचं वंध्यत्व आहे. त्यामुळे ‘हमखास गुण’ म्हणणारी जाहिरात मुळातच बेकायदेशीर ठरते. गर्भलिंग निवडीची जाहिरात हा तर पीसीपीएनडीटी कायद्याखाली वेगळा गुन्हा. आयव्हीएफ केंद्रांनाही २०२१ च्या कायद्यानुसार नोंदणी सक्तीची आहे, पैसे भरण्याआधी नोंदणी क्रमांक मागा.

पुडी, पावडर किंवा काढा आधीच चालू असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नका. वेष्टन सोबत न्या, वेष्टन नसेल तर पुडीच न्या. आणि तपासणीला दोघांनी एकाच दिवशी जा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, सोनोग्राफी तिची, वीर्यतपासणी त्याची. वीर्य देण्याआधी दोन ते सात दिवसांचं अंतर लागतं आणि पहिला रिपोर्ट खराब आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करतात, कारण मधे नुसता ताप येऊन गेला असेल तरी आकडे पडतात.